आठ वार

किल्टचं कापड टेबलावर पसरलं, की डोळ्यांच्या आधी ते हाताला कळतं. पीळदार सुताची, घट्ट विणीची लोकर. वरून गुळगुळीत, उचलू गेलं तर जड. दुहेरी पन्ह्याच्या एका वाराचं वजन सोळा औंस, म्हणजे जवळजवळ साडेचारशे ग्रॅम. असे चार वार घ्यायचे, मधोमध उभे कापायचे आणि एकापुढे एक जोडायचे. झाले आठ वार. खालचा काठ मागावरच पक्का झालेला असतो, त्यामुळे किल्टला खालून दुमड नसते. कापड जसं विणलं तसंच गुडघ्यापाशी येऊन थांबतं.

स्कॉटलंडमधल्या पर्थजवळच्या एका लहान गावातलं हे दुकान. पुढे एक खोली, मागे शिवणघर. आई बेतते, मुलगी शिवते. माझा भाचा ग्लासगोला नोकरी करतो, त्याचं लग्न स्काय बेटावरच्या मुलीशी ठरलं. तिच्याकडचे सगळे पुरुष लग्नात किल्ट घालणार, तर आपणही घालावा, आणि घालायचा तर भाड्याचा नको, अशी त्याची इच्छा. मी मावशी म्हणून सोबत गेले होते.

आठ वार म्हटल्यावर मराठी बाईला नऊवारी आठवणारच. ते सारखेपण नुसत्या मापाचं नाही. सोळाव्या शतकापासून स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले पुरुष जो मोठा किल्ट नेसत, तो शिवलेला नसायचाच. लांबलचक लोकरी कापड, त्याला हातानं निऱ्या घालायच्या, कमरेला पट्टा आवळायचा, उरलेलं खांद्यावरून घ्यायचं आणि रात्री तेच अंगावर पांघरायचं. म्हणजे नेसणं रोज नव्यानं. पुढे अठराव्या शतकात खांद्यावरचा भाग गळाला, कमरेखालचा राहिला आणि निऱ्या कायमच्या शिवल्या जाऊ लागल्या. आपली आजी रोज पहाटे जे चिमटीनं करायची, ते इथे शिवणारीच्या सुईनं एकदाच आणि जन्मभरासाठी करून ठेवलं.

त्या सुईच्या कामाबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. किल्ट समोरून सपाट असतो, एकावर एक दोन पदर. सगळी करामत पाठीमागे. साधारण पंचवीस ते तीस चुण्या, आणि प्रत्येक चुणीचा दिसणारा भाग नितंबापाशी इंचभर किंवा त्याहून कमी. तिथून कमरेकडे जाताना तो हळूहळू निमुळता होत जातो. आता हे कापड चौकड्यांचं. टार्टनच्या चौकडीचा एक पुरा नमुना संपतो तिथून तोच पुन्हा सुरू होतो. चुण्या अशा घालायच्या, की आत इतकं कापड गडप होऊनही बाहेर तो नमुना कुठेही तुटल्यासारखा दिसता कामा नये. म्हणून आईनं कापडावर खडूनं खुणा करता करता प्रत्येक घडीची खोली नमुन्यावर बेतली होती. कुठे रेघ अर्ध्या सुतानं सरकली, तर ती पुढच्या सगळ्या चुण्यांना भोवते. सैन्याची रीत वेगळी. तिथे प्रत्येक चुणीच्या मध्यावर एकच रेघ येईल असं बेततात, मग पाठ निराळ्याच कापडाची वाटते आणि चालताना आतले रंग उघडतात, मिटतात.

मग टाके. बारीक, आडवे, चुणीच्या कडेला लपलेले. हातानं शिवलेल्या किल्टला वीस तास सहज लागतात. आतून जादा कापड कापून काढतात, पाठ ताणली जाऊ नये म्हणून कॅनव्हास लावतात, त्यावर अस्तर, शेवटी चामड्याचे पट्टे आणि बक्कल. मी हिशेब मांडून पाहिला. पाठीकडे जेवढं कापड खर्ची पडतं, त्याचा जेमतेम दहावा हिस्सा वर दिसतो. बाकी सगळं आत. गिऱ्हाईक ज्याचे पैसे मोजतं ते बहुतेक त्याला कधी दिसतच नाही. म्हणून शिवणारीवर भरवसा हवा, आणि तो भरवसा तिच्या टेबलापाशी उभं राहूनच येतो.

एडिंबरोच्या रॉयल माइलवर थोड्या पौंडांत ॲक्रिलिकचे किल्ट टांगलेले असतात. हातानं शिवलेला, पुऱ्या आठ वारांचा किल्ट पाचशे पौंडांच्या खाली क्वचितच मिळतो. स्वस्त घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, परदेशी मुलाला एका संध्याकाळची हौस पुरते. पण ब्रिटनमध्ये धोक्यात आलेल्या हस्तकलांची जी यादी हेरिटेज क्राफ्ट्स ही संस्था करते, तिच्यात किल्ट शिवणं आहे, हे वाचल्यापासून मला त्या मायलेकींच्या टेबलाशी उभं राहणं फार मोलाचं वाटतं.

टार्टन कुठलं घ्यायचं? स्कॉटिश कुळांची टार्टनं ठरलेली, आणि भाच्याला असं कुळ नाही, म्हणून तो बिचकत होता. बाई म्हणाल्या, कुळाच्या टार्टनवर कायद्याचा पहारा नाही, मनाला पटेल ते घ्या. इतिहासही त्यांच्याच बाजूचा. १७४६ च्या एप्रिलमध्ये कलोडनला जॅकोबाइट बंडखोरांचा पराभव झाला आणि त्याच वर्षी कायदा आला: पुरुषांनी, मुलांनी डोंगरी पोशाख घालायचा नाही. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सात वर्षं समुद्रापार. १७८२ मध्ये तो रद्द झाला. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटनं तो सोहळा रचला, आणि घराघरांना आपापलं टार्टन हवंसं झालं. बॅनकबर्नच्या विल्सन घराण्याच्या मागांनी ती मागणी पुरवली. एका कुळाला एक नक्षी, हा नेम बराचसा त्या शतकातला. त्यामुळे तो खोटा ठरतो असं मला वाटत नाही. दोनशे वर्षं माणसं ज्यात लग्नं करतात आणि ज्यात पुरली जातात, ते त्यांचंच.

बंदीतून एक जण सुटला होता, सैनिक. घरी निषिद्ध झालेलं कापड पलटणीबरोबर जगभर गेलं. मांडणीवर निळ्या-हिरव्या चौकड्यांत पांढरी आणि लाल रेघ असलेलं एक देखणं ठाण होतं, मॅकेन्झी. ७८ व्या हायलँडर पलटणीचं ते टार्टन. हीच पलटण २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालन्याकडच्या आसईला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या बाजूनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढली. मी ते बाईंना सांगितलं. त्यांनी आसईचं नाव पलटणीच्या मानचिन्हांत ऐकलं होतं, पण ते गाव आजही नांदतं आहे हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. ठाण सुंदर होतं, तरी लग्नात ते मला नको वाटलं. भाच्यानं ‘आयल ऑफ स्काय’ निवडलं, जांभळ्या-हिरव्या छटांचं. ते अगदी अलीकडचं, १९९० च्या दशकातलं; बेटाशी नातं सांगणाऱ्या, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या एका बाईनं आखलेलं. दूर राहणाऱ्यानं आखलेलं कापड दुरून आलेल्या जावयाला शोभेल, असं मी म्हटलं आणि त्याला ते पटलं.

मापं घ्यायला मुलगी आली. कंबर पँटच्या कमरेहून बरीच वर, बेंबीच्याही वर. मग नितंब, मग लांबी. भाच्याला गुडघ्यांवर बसवून तिनं काठ जमिनीला जेमतेम टेकणार नाही असा ठरवला. एवढं झाल्यावर ती माझ्याकडे वळली आणि विचारलं, “यांचे वडील अंगानं कसे आहेत?” आतल्या घडीत किती कापड राखायचं, ते त्यावर ठरतं, माणूस पुढे सुटला तर किल्ट उसवून वाढवता यावा, पट्टे सरकवता यावेत. भावोजी पंचविशीत भाच्यासारखेच सडपातळ होते आणि चाळिशीनंतर कसे भरत गेले, ते मी तिला सविस्तर सांगितलं. तिनं ते मापांच्या खाली लिहून घेतलं, आईला विचारलं, आणि दोघींनी मिळून आतलं कापड आणखी दोन इंच वाढवलं.