टळलेल्या अपघातांची दप्तरं

सध्या जो भेटेल त्याला मी एकच गोष्ट सांगत सुटले आहे. आज तुमची पाळी! विमानप्रवास इतका सुरक्षित कसा, या प्रश्नावर माझं उत्तर ठरलेलं असायचं: रडार, संगणक, कडक नियम. ते आहेतच हो! पण त्यांच्या जोडीला एक साधा फॉर्म आहे, आणि वैमानिक नि हवाई वाहतूक नियंत्रक तो आपणहून भरतात. त्यात काय लिहितात? स्वतःच्याच चुका!

हे सुरू कसं झालं, ते तर ऐकाच. १ डिसेंबर १९७४. टीडब्ल्यूए कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाकडे येत होतं. नियंत्रकाने अप्रोचची, म्हणजे धावपट्टीच्या दिशेने येण्याची, परवानगी दिली. वैमानिक समजले, आता १,८०० फुटांपर्यंत उतरायला हरकत नाही. धोका असता तर नियंत्रकाने अडवलं असतं. नियंत्रकाच्या लेखी मात्र उंची सांभाळणं हे वैमानिकांचं काम. विमान माउंट वेदर या डोंगरावर आदळलं. ९२ जण होते, एकही वाचला नाही.

आणि खरा धक्का पुढेच आहे! जेमतेम सहा आठवडे आधी युनायटेड कंपनीचं एक विमान याच गैरसमजातून याच डोंगरावर आदळता आदळता वाचलं होतं. कंपनीने आपल्या वैमानिकांना सावधही केलं होतं. पण ही खबर टीडब्ल्यूएपर्यंत पोचलीच नाही!

मग अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, १९७५ मध्ये अशा घटना कळवण्याची सोय केली. पण ज्याच्या हाती लायसन्स, त्याच्याकडेच कबुली द्यायला कोण धजावणार? म्हणून १९७६ पासून हे काम आलं नासाकडे. हो, चंद्रावर माणूस उतरवणारी तीच नासा! तिला कुणाला दंड करण्याचा अधिकारच नाही. केवढी साधी युक्ती!

आणि काय बारकाई! फॉर्मवरची नाव-पत्त्याची पट्टी वेगळी काढून, तारखेचा शिक्का मारून पाठवणाऱ्यालाच परत करायची. दप्तरात घटना राहते, नाव राहत नाही. चूक अजाणता झाली असेल, गुन्हा किंवा अपघात नसेल आणि दहा दिवसांत कळवली असेल, तर नियमभंग ठरूनही सहसा शिक्षा माफ. ती पट्टी हाच पुरावा!

आजवर असे वीस लाखांहून जास्त अहवाल आले आहेत. त्यांत काय असतं? दोन विमानांचे क्रमांक कानाला सारखे लागले आणि एकाला दिलेली सूचना दुसऱ्यानेच पाळली. नियंत्रकाने सांगितलेली उंची वैमानिकाने परत उच्चारताना चुकवली आणि कामाच्या गर्दीत नियंत्रकाच्या ते लक्षातच आलं नाही. अनुभवी वैमानिक आणि नियंत्रक हे अहवाल वाचतात, धोका दिसला की संबंधितांना इशारा देतात. कुणी दगावण्याआधीच धडा सगळ्यांच्या हाती!

यातले निवडक अनुभव नासा ‘कॉलबॅक’ या मासिक पत्रिकेत छापते, तेही फुकट. एक अंक वाचाच. आणि तुम्ही इस्पितळात, कारखान्यात किंवा वीज मंडळात काम करत असाल, तर पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: थोडक्यात टळलेला अपघात आपल्याकडे न घाबरता कळवायचा कुठे?