धावण्याचा जमाखर्च

धावणे या क्रियेविषयी आपल्या मराठी घरांत पूर्वापार फारसा आदर नाही. ‘धावपळ’, ‘धावाधाव’, ‘धावती भेट’ हे आपले शब्दच पाहावेत. त्यांत घाई आहे, दगदग आहे, आनंद मात्र नाही. जोर-बैठका, मल्लखांब, सूर्यनमस्कार यांना प्रतिष्ठा होती. परंतु प्रौढ गृहस्थ कारणावाचून धावताना दिसला, तर ‘काय झाले हो?’ असेच कोणीही विचारणार. बेचाळिसाव्या वर्षी आम्ही टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत धावू लागलो, तेव्हा आम्हांसही हा प्रश्न चुकला नाही.

वस्तुतः बेळगावकरांनी तरी तो विचारू नये. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावलेले फडेप्पा चौगुले हे आमच्या बेळगावचेच. त्या वर्षीचे अंतर नेहमीपेक्षा थोडे अधिक, ४२.७५ किलोमीटर होते. ते त्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत कापले आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. आमच्या शाळेत त्यांचे नाव कधी कोणी घेतल्याचे स्मरत नाही, याची खंत आम्हांस आजही वाटते.

आमचे कारण मात्र कीर्तीचे नव्हते, भयाचे होते. वडील बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. ज्येष्ठ बंधूही पन्नाशी पाहून फार दिवस राहिले नाहीत. आमच्या घराण्यात साठीशांतीचे आमंत्रण देण्याची वेळ सहसा येत नसे. त्यामुळे धावण्याने आयुष्य वाढते की घटते, हा प्रश्न आमच्यापुरता कधीच केवळ वाचनाचा विषय नव्हता.

शास्त्र या बाबतीत बरेच बोलके आहे. १९५३ साली जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या बसगाड्यांवरील चालक व वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. पुढे १९८४ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी पन्नाशी उलटलेले धावपटू आणि न धावणारे त्यांचे समवयस्क यांच्यावर एकवीस वर्षे लक्ष ठेवले. त्यांतील पहिल्या एकोणीस वर्षांत न धावणाऱ्यांपैकी ३४ टक्के निवर्तले, धावणाऱ्यांपैकी १५ टक्के. मुळात जो निरोगी तोच धावतो, ही शंका येथे रास्त आहे आणि ती पूर्णपणे फिटत नाही. तथापि २०१४ साली ५५,१३७ जणांच्या अभ्यासातही धावणाऱ्यांत हृदयविकाराने येणारे मृत्यू ४५ टक्क्यांनी कमी दिसले. आणि गंमत अशी की, रोज पाच-दहा मिनिटे संथ धावणाऱ्यांनाही लाभ जवळजवळ तेवढाच होता.

यातील कार्यकारणभाव साधा आहे. सरावलेले हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे लोटते, म्हणून विश्रांतीच्या वेळी नाडी संथ चालते. रक्तवाहिन्या लवचीक राहतात, रक्तातली साखर स्नायू सहज उचलतात. गुडघे झिजतात हा लाडका समजही टिकत नाही. स्टॅनफर्डच्याच त्या धावपटूंच्या गुडघ्यांत, वर्षानुवर्षे क्षकिरण चित्रे घेऊनही, संधिवात अधिक आढळला नाही. टाचेची शीर धरणे, नडगी दुखणे हे मात्र खरे, आणि ते बहुधा उत्साहाच्या भरात अंतर एकदम वाढवल्याने होते.

आता खर्चाची बाजू. अमेरिकेत धावण्याचे वेड लावणाऱ्यांपैकी एक असलेले जिम फिक्स १९८४ साली बावन्नाव्या वर्षी धावतानाच कोसळले. त्यांच्या वडिलांना पस्तिशीत हृदयविकाराचा झटका आला होता आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते वारले होते. धावण्याने वारसा पुसला जात नाही, फार तर पुढे ढकलला जातो, एवढाच त्या मृत्यूचा अर्थ. असे प्रसंग विरळा आहेत हेही सांगितले पाहिजे: २००० ते २०१० या काळात अमेरिकेतील मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख स्पर्धकांत हृदय बंद पडण्याच्या घटना ५९ घडल्या. परंतु वर्षानुवर्षे अतिदीर्घ अंतरे तोडणाऱ्यांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा विकार अधिक आढळतो, आणि काहींच्या हृदयधमन्यांत चुन्याचा थरही.

तोच थर दोन वर्षांपूर्वी आमच्या तपासणीत निघाला. आमच्या सौभाग्यवतींनी अहवाल वाचला, घडी घातला आणि शांतपणे म्हटले, “अहो, आता पुरे. चालायला जाऊ या दोघं.” त्यांच्या स्वरात राग नव्हता, सासऱ्यांचे व दिरांचे जाणे त्यांनी डोळ्यांदेखत पाहिले होते. आम्ही उत्तर दिले नाही. डॉक्टरांचे मत पडले की, थांबण्याचे कारण नाही, वेग आणि स्पर्धा सोडा. रात्रीची गोळी चुकवू नका. छातीत दडपण वाटले किंवा अंधारी आली, तर त्या क्षणी थांबा.

मग घरात तह झाला. एक दिवसाआड अर्धा तास, बोलता येईल इतक्याच गतीने, आणि एकट्याने कधीही नाही. उरलेले दिवस सौभाग्यवतींबरोबर चालण्याचे. पूर्वी आम्ही घड्याळ पाहून धावत होतो. आता सोबत्याशी गप्पा मारत धावतो आणि त्यात काही गमावल्यासारखे वाटत नाही.

आज आमचे वय सहासष्ट आहे. वडिलांपेक्षा चौदा वर्षे अधिक लाभली, ती धावण्याने की औषधाने की निव्वळ दैवाने, याचा निवाडा कोणतीही आकडेवारी एका माणसापुरता करू शकत नाही. ती चोवीस वर्षे आम्ही मरणाची वाट पाहत बसून काढली नाहीत, एवढे मात्र निश्चित. आणि हा लाभ कोणत्याही तक्त्यात मांडता येत नसला, तरी जमेच्या बाजूस आम्ही तो सर्वांत वर लिहितो.