मैमूनेची शिळा : माल्टाच्या इतिहासातील पुसट पान

ज्या देशाच्या राज्यघटनेत रोमन कॅथलिक पंथाला राज्यधर्माचे स्थान आहे, त्या देशात देवाला ‘अल्ला’ म्हणतात. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचे नाव आहे ‘रान्दान’, म्हणजे मूळचे ‘रमदान’. आणि खुद्द ईस्टरला म्हणतात ‘ईद’. मित्रहो, आजचा धागा या माल्टाविषयी.

सिसिलीच्या दक्षिणेला वसलेला हा चिमुकला द्वीपसमूह. तेथे आपला इतिहास सांगण्याची एक रूढ रीत आहे. इ.स. ६० च्या सुमारास संत पॉल यांचे जहाज या किनाऱ्यावर फुटले, बेट ख्रिस्ती झाले आणि तसेच राहिले. मध्ये अरब आले खरे. पण १०९१ मध्ये नॉर्मन सरदार रॉजर याने त्यांचा पाडाव केला. त्याने आपल्या लाल-पांढऱ्या निशाणाचा तुकडा बेटवासीयांना दिला आणि त्यातूनच आजचा ध्वज झाला, अशीही आख्यायिका आहे. या कथनात अरबांचा वाटा भाडेकरूचा : आले, राहिले, गेले.

हे कथन मनात ठेवून मी गोझो या धाकट्या बेटावर गेलो. चिरकेव्वाच्या धक्क्यावरून बोट अर्ध्या तासाच्या आत पलीकडे पोहोचवते. मुख्य गावाचे सरकारी नाव व्हिक्टोरिया. १८८७ साली राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ते दिले गेले. लोक मात्र अजून ‘रबात’च म्हणतात, आणि हा शब्द अरबी आहे. गावाच्या माथ्यावर किल्ला, आणि त्यात पुरातत्त्व संग्रहालय. तेथे संगमरवराची एक शिळा आहे. कोरीव अरबी लेखनातील ही कबरीची शिळा हसनची कन्या मैमूना हिची. मृत्यूची तिथी हिजरी ५६९ च्या शाबान महिन्यातली, म्हणजे मार्च ११७४.

हा आकडा पुन्हा वाचा. रॉजर येऊन तेव्हा ८३ वर्षे उलटली होती.

शिळा मुळात रोमन काळातली. तिच्या मागच्या अंगावर रोमन नक्षी आहे. एका जमान्याचा संगमरवर दुसऱ्याने उलटा करून वापरला. लेखात कुराणातील वचने आहेत आणि शेवटी तो कबर पाहणाऱ्यालाच संबोधतो. मी बराच वेळ तेथे थांबलो. राजे आणि लढाया यांच्या गर्दीत एका मुलीचे, तिच्या बापाचे आणि एका दिवसाचे नाव असे अनपेक्षितपणे हाती येते, तेव्हा पाय निघत नाही.

ही शिळा मुळात गोझोचीच काय, अशी शंका काही अभ्यासकांनी घेतली आहे, आणि शंका घेणे योग्यच. परंतु पुरावा तिच्यावरच टेकलेला नाही. मुख्य बेटावर इम्दिना या जुन्या राजधानीच्या वेशीबाहेर एका श्रीमंत रोमन घराचे अवशेष आहेत. त्यांच्यावरच मुस्लिम दफनभूमी होती, हे उत्खननात दिसले. शिवाय १२४० च्या सुमारास सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्या अधिकाऱ्याने पाठवलेल्या अहवालात बेटावरील ख्रिस्ती, मुस्लिम आणि ज्यू कुटुंबांची वेगवेगळी मोजदाद आहे. म्हणजे दीडशे वर्षे नॉर्मन व त्यांच्या वारसांच्या सत्तेखाली मुस्लिम समाज येथे नांदत होता. तेराव्या शतकातच त्याची हकालपट्टी झाली. कोणी गेले, कोणी, बहुधा, बाप्तिस्मा घेऊन राहिले. धर्म बदलला, बोली राहिली.

आणखी एक गुंता आहे. अल्-हिम्यरी हा अरब लेखक सांगतो की ८७० च्या स्वारीनंतर बेट उजाड पडले आणि १०४८-४९ मध्ये मुस्लिमांनी ते पुन्हा वसवले. हे अक्षरशः खरे मानले, तर संत पॉलपासूनची अखंड परंपरा मधेच तुटते. म्हणूनच हा उतारा तेथे आजही नाजूक जागी लागतो. (‘अखंड परंपरा’ हे शब्द कोणत्याही देशाच्या इतिहासात दिसले, की मी पेन्सिलीने खूण करतो.)

अरबांशी नाते नको, म्हणून भाषेलाही दुसरे पूर्वज शोधले गेले. १७५० साली आजियूस दे सोल्दानिस या गोझोच्या धर्मोपदेशकाने पुस्तक लिहून ती प्राचीन कार्थेजची प्यूनिक भाषा ठरवली. हे मत दीर्घकाळ टिकले. न्यायालयात व उच्चभ्रूंत इटालियन चाले. माल्टीज ही स्वयंपाकघरातली भाषा. तिला अधिकृत दर्जा मिळाला १९३४ मध्ये. आज भाषाशास्त्र निःसंदिग्धपणे सांगते की ती सिसिलीतील मध्ययुगीन अरबीची लेक आहे. वर सिसिलियन-इटालियन शब्दांचा भरघोस थर आणि लिपी रोमन. युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांतील ही एकमेव सेमिटिक भाषा.

मराठी कानाला ती पूर्णपणे परकी वाटत नाही, याचे कारण सरळ आहे : तेच अरबी शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडेही आले. त्यांची ‘दिन्या’ ती आपली दुनिया, त्यांचे ‘क्तिएब’ ते आपले किताब. आणि पूर्वजांकडून आलेल्या ठेव्याला ते ‘विर्त’ म्हणतात. आपण ‘वारसा’ म्हणतो, त्याचीही अरबी धातू तीच.