स्कोप हलता कामा नये

विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबर उतरणीला लागला की आमच्या कारखान्याचं वेळापत्रक हरणांच्या कलाने ठरतं. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा हंगाम उघडतो, तो नऊ दिवस चालतो, आणि तेवढ्या दिवसांत पाच लाखांहून जास्त माणसं भडक नारिंगी जाकिटं घालून रानात शिरतात. त्या आठवड्यात सुट्टी मागायची नाही, ती गृहीत धरायची, असा आमच्याकडचा रिवाज. मी चिंचवडच्या कारखान्यांत वाढलेला माणूस. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर जन्मलेल्या आमच्या पिढीला शिकार ठाऊक होती ती फक्त पुस्तकांतून. इथे ग्रीन कार्ड हातात आलं, फोरमन मागे लागला, मी हंटर एज्युकेशनचा कोर्स केला (१ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला तो करावाच लागतो) आणि रायफल घ्यायला निघालो.

रायफलीचा प्रश्न लवकर सुटला. रुगर अमेरिकन, .३०८ विंचेस्टर काडतुसाची, प्लॅस्टिकच्या दस्त्याची. दिसायला साधी, पण शंभर यार्डांवर दीड इंचाच्या आत गोळ्या टाकते. हरणाच्या काळीज-फुप्फुसांची जागा साधारण आठ इंचांची धरतात, म्हणजे एवढी अचूकता पुरून उरते. हल्लीच्या स्वस्त रायफलींची नळी चांगलीच असते. कंपन्या पैसे वाचवतात ते दस्ता, पॉलिश आणि मॅगझिनवर. घोळ पुढे, स्कोप निवडताना होतो.

दुकानातल्या काउंटरवर स्कोपची रांग मांडलेली होती, आणि किमती साठ डॉलरपासून पार रायफलीच्या तिप्पट. विक्रेता पोरगा उत्साही होता. त्याने माझ्या हातात ४-१६x५० (चार ते सोळा पट मोठं दाखवणारा, ५० मिलिमीटर भिंगाचा) दिला आणि पार्किंगच्या टोकाला उभ्या ट्रकची नंबरप्लेट वाचायला सांगितली. वाचता आली. पण नंबरप्लेट वाचणं हे स्कोपचं काम नाही, आणि दुकानाच्या काचेतून बघून स्कोपबद्दल कळायला हवं त्यातलं काहीच कळत नाही. उजेडात साठ डॉलरची काचही बरी दिसते.

साधन असं पारखून घ्यायची खोड मला धंद्यातून लागली आहे. आयुष्यभर डायल गेज आणि मायक्रोमीटर हाताळले. तिथे पहिला प्रश्न असतो: तोच तुकडा पुन्हा मोजला तर तोच आकडा येतो का? काटा दिसायला सुंदर असेल, पण दर वेळी वेगळ्या रेषेवर थांबत असेल, तर ते गेज पेटीत जातं. स्कोप हेही मापाचंच साधन आहे. बाहेरच्या नळीच्या पोटात आणखी एक बारीक नळी असते. एका बाजूने तिला वरच्या आणि उजव्या चकतीचे स्क्रू दाबतात, समोरून एक स्प्रिंग रेटते. चकती फिरवली की ही आतली नळी केसभर सरकते आणि क्रॉसहेअर गोळीच्या जागेवर आणता येतो. सगळा भरवसा त्या स्प्रिंगवर. रायफल जितकी हलकी, तितका तिचा खांद्याला बसणारा दणका जोरदार. आणि स्वस्त रायफली हलक्याच असतात. म्हणजे ज्या रायफलीवर लोक सगळ्यात स्वस्त स्कोप चढवतात, तिथेच त्याला सगळ्यात जास्त मार सोसावा लागतो.

हे मी पुस्तकात वाचलं नव्हतं. एका सहकाऱ्याच्या रायफलीबरोबर पॅकेजमध्येच स्कोप आला होता. रेंजवर पहिल्या तीन गोळ्या एकमेकींना चिकटून बसल्या, तेव्हा तो खूश. पुढच्या तीन डावीकडे गेल्या, त्यापुढच्या खाली. त्याने आधी काडतुसांना दोष दिला, मग वाऱ्याला, मग स्वतःच्या डोळ्यांना. वीस काडतुसांची आणखी एक पेटी आणली. आम्ही स्कोप धरून ठेवणाऱ्या रिंगांचे स्क्रू तपासले, ते घट्ट होते. शेवटी फोरमनने आपल्या रायफलीवरचा जुना स्कोप काढून त्याच्या रायफलीवर बसवला, आणि गोळ्या निमूट एका जागी पडू लागल्या. काडतुसांवर गेलेल्या पैशांत पहिल्यांदाच बरा स्कोप आला असता, असं मी मनात म्हटलं. तोंडाने नाही म्हटलं. त्याचं तोंड आधीच उतरलेलं होतं.

माझ्या यादीत शेवटी दोनच उरले. एक लिओपोल्ड व्हीएक्स-फ्रीडम, दुसरा व्होर्टेक्स क्रॉसफायर टू, दोन्ही ३-९x४०. लिओपोल्ड ही ओरेगनमधली जुनी कंपनी, १९०७ पासूनची. धुकं न धरणारे, आत नायट्रोजन भरलेले स्कोप तिने दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आणले. व्हीएक्स-फ्रीडम वजनाने हलका आणि डोळ्यापासून जरा जास्त अंतर देणारा. व्होर्टेक्सचं मुख्यालय आमच्याच राज्यात, बार्नवेल्डला. मोडला तर पावती न मागता दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची त्यांची हमी आहे, आणि ती तुम्ही कितव्या हाताचे मालक आहात हे विचारत नाही. किमतीत फरक शंभरेक डॉलरचा. मी व्होर्टेक्स घेतला आणि वाचलेल्या पैशांत थोडी भर घालून ८x४२ ची दुर्बीण घेतली.

अशी दुर्बीण हंगामाला निघणाऱ्या बऱ्याच लोकांकडे नसते आणि मला ते पटत नाही. झुडपात काही हललं की ते रायफल उचलून स्कोपमधून बघतात. हललेलं ते दुसरा शिकारी असेल तर? त्याच्याकडे बघणं म्हणजे त्याच्यावर भरलेली नळी रोखणं. कोल्हापूरच्या मावसभावाने फोनवर विचारलं होतं, "आपल्या ऑलिंपिकवाल्या स्वप्नील कुसाळेच्या रायफलीवर कुठला स्कोप असतो रे?" कुठलाच नसतो. त्याच्या ५० मीटरच्या नेमबाजी स्पर्धेत रायफलीवर मोठं करून दाखवणारी काच चालत नाही, बारीक भोकातून नेम धरावा लागतो. गोळी कुठे पडली ते बघायला शेजारी वेगळा पडदा असतो. बघायचं एक, नेमाचं एक, ही वाटणी मला रानातही योग्य वाटते.

जास्त पटींचा मोह सोडला तर ३-९ का पुरतो हे समजतं. आमच्या रानात शंभर यार्डांपलीकडे मोकळं क्वचितच दिसतं. ३ वर ठेवलं की शंभर यार्डांवर सुमारे ३४ फूट रुंदीचं चित्र मिळतं, ९ वर तेच बारा-तेरा फुटांवर येतं, आणि पळतं हरीण त्या चित्रात सापडेपर्यंत नाहीसं होतं. उजेडाचाही हिशोब आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ४० भागिले ९ म्हणजे ४.४ मिलिमीटर, ४० भागिले ४ म्हणजे १०. संध्याकाळी बाहुली ताणून पाच ते सात मिलिमीटर उघडते, तेव्हा ४ वर ठेवलेला स्वस्त स्कोपही उजळ दिसतो. इथे सूर्यास्तानंतर थोड्याच मिनिटांपर्यंत गोळी झाडायची परवानगी, त्यामुळे याहून जास्त उजेड कुणाला विकत घ्यायचा आहे? ५० मिलिमीटरचं भिंग घेतलं तर उंच रिंगा लागतात, गाल दस्त्यावरून उचलावा लागतो आणि नेम बिघडतो, ते वेगळंच. भिंगावरच्या लेपांची जाहिरात मी वाचली आणि सोडून दिली. "फुली मल्टीकोटेड" एवढं लिहिलेलं असलं की या किमतीत पुरे.

बसवण्याला मात्र एक अख्खी संध्याकाळ दिली. स्क्रू पुसून तेल काढलं, टॉर्कच्या पान्याने रिंगांचे स्क्रू १५ ते १८ इंच-पाउंडांच्या दरम्यान आवळले. हाताच्या अंदाजाने आवळणारे एक तर नळी चेमटवतात नाही तर सैल सोडतात. थंडीचं जाड जाकीट अंगात घालूनच डोळ्याचं अंतर ठरवलं, कारण जाकिटाच्या जाडीने रायफल पुढे सरकते. हे अंतर कमी पडलं तर दणक्याने स्कोपची कड भुवईवर आदळते. फोरमनच्या भुवईवर तसा अर्धचंद्र आहे. उभी रेघ सरळ आहे की नाही ते बघायला गॅरेजच्या दारात ओळंबा टांगला. बायको म्हणाली, "स्वतःचा चष्मा घेताना तू दहा मिनिटं पण घालवली नव्हतीस."

रेंजवर आधी २५ यार्डांवर कागद लावला. चकतीची एक टक म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच. २५ वर तीच टक इंचाचा सोळावा भाग सरकवते, म्हणून तिथे चौपट टका द्याव्या लागतात. मग शंभरावर. नेम जुळल्यावर मी चौकोनाची चाचणी घेतली: नेम त्याच ठिपक्यावर ठेवून वीस टका वर, तीन गोळ्या, वीस उजवीकडे, तीन गोळ्या, वीस खाली, वीस डावीकडे. पाच-पाच इंचांच्या बाजू पडल्या आणि शेवटच्या तीन गोळ्या मूळच्या भोकांतच येऊन मिसळल्या. शिकारीत कुणी अशा चकत्या फिरवत बसत नाही, पण स्प्रिंग खरी की खोटी ते याने कळतं. दुसरी चाचणी फुकटची. उणे दहा सेल्सियसच्या रात्री स्कोप गॅरेजमध्ये ठेवला आणि सकाळी चहा उकळत असताना स्वयंपाकघरात आणला. बाहेरून काच पांढरी झाली, फडक्याने पुसली गेली. आत काही दिसलं नाही. आत वाफ दिसली असती तर त्याच दिवशी दुकानात परत दिला असता.

आता दर वर्षी ऑक्टोबरात तीन गोळ्या झाडून झिरो, म्हणजे नेम आणि गोळी जुळतात का ते, बघतो आणि चकत्यांची झाकणं लावून टाकतो. मचाणावर पट ४ वरच असते. यंदा मुलगी मेंटर्ड हंटिंगच्या परवान्यावर माझ्याबरोबर येणार आहे. तिचे हात आखूड, मान पुढे येत नाही, म्हणजे स्कोप अर्धा इंच मागे घ्यावा लागेल, आणि मग ओळंब्यापासून सगळं पुन्हा करणं आलं. .३०८ चा दणका तिला झेपत नाही असं दिसलं तर .२४३ घेऊ. स्कोप तोच चढवीन.