आधी विचारशील ना?



दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी पांढुर्ण्याहून सौंसरला एका काकूंच्या घरी प्रार्थनेला जातो. काकू एकट्याच राहतात. सोबतीला बारा वर्षांचा मोती होता. आम्ही डोळे मिटले की तोही दारात गप्प बसायचा.

त्या रविवारी मोती मागचा पाय ओढत होता. "बाबू, याचं काही करता येईल का?" काकूंनी विचारलं. माझ्या पिशवीत माझ्याच कंबरदुखीच्या गोळ्या होत्या. एक भाकरीत घालून दिली, रोज एक द्या म्हणून आणखी चार काकूंपाशी ठेवल्या. सेवा केल्याच्या समाधानात बसने घरी आलो.

पाचव्या दिवशी काकूंचा फोन आला. मोतीला डांबरासारखी काळी शी होत होती, हिरड्यांतून रक्त येत होतं. गाडी करून सावनेरमार्गे त्याला नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं.

मला वाटलं, गोचीडताप असेल. त्यात प्लेटलेट कमी होतात आणि रक्त येतं. पण मोतीच्या प्लेटलेट पुरेशा निघाल्या. क्रिएटिनिन मात्र वाढलेलं होतं आणि लघवीतून प्रथिनं जात होती. त्याची किडनी आधीपासूनच आजारी होती, आम्हाला पत्ता नव्हता.

डॉक्टरांनी समजावलं. किडनी नीट गाळत नसली की रक्तात घाण साचते. मग प्लेटलेट असूनही एकमेकींना धरत नाहीत, जखमेला बूच बसत नाही. आणि गळक्या किडनीतून अँटिथ्रॉम्बिन नावाचं प्रथिनही निघून जातं. नको तिथे रक्त गोठू न देणं हे त्याचं काम. ते घटलं की फुप्फुसात किंवा मागच्या पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकू शकते. एकाच आजारात रक्त वाहण्याचं भय आणि गोठण्याचंही!

मग त्यांनी विचारलं, "माणसांची दुखण्याची गोळी दिली होती का?"

अशा गोळीने कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, किडनीचा रक्तपुरवठाही घटतो. काकू काहीच बोलल्या नाहीत. मी मान खाली घालून म्हटलं, "हो, मीच दिली."

सलाइन आणि पोटाच्या औषधांनी मोती सावरला. अडीच महिने जगला. एका पहाटे अचानक धाप लागली आणि तो गेला. गुठळी असावी, असं डॉक्टर फोनवर म्हणाले.

मार्काच्या शुभवर्तमानात बारा वर्षं रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री आहे. तिच्यावर मनन सांगताना मी तिच्या विश्वासावर भरभरून बोलायचो. पुष्कळ वैद्यांच्या हातून तिने सोसलं होतं, ते मात्र घाईने वाचून पुढे जायचो. आता तिथे थांबतो. त्या वैद्यांचा हेतू वाईट नसेल. माझाही नव्हता. पण सोसावं लागलं मोतीला.

पुढच्या भेटीत मी काकूंची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "आता आधी विचारशील ना? मग बस, चहा ठेवते."

दारातली जागा रिकामी होती. आम्ही डोळे मिटले.

हे प्रभो, मदतीला धावण्याआधी थांबून विचारण्याची नम्रता मला दे. आमेन.