हिरड्याची पकड

नैसर्गिक रंग म्हणजे सौम्य, निरुपद्रवी, असं गृहीत धरूनच बहुतेक गिऱ्हाइकं येतात. मी त्यांच्या हातावर हिरड्याचा तुकडा ठेवते आणि चावून बघायला सांगते. जीभ टाळ्याला चिकटते, तोंड आक्रसतं. हिरड्यातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, म्हणून हा तुरटपणा. झाडाला तेच हवं असतं. किड्यांनी, गुरांनी त्याला ओरबाडून खाऊ नये. माझा सगळा धंदा झाडाच्या या शस्त्रावर चालतो.

सुती कापड रंगाच्या बाबतीत फार आडमुठं. रेशीम आणि लोकर ही मुळात प्रथिनं, ती रंगाला लवकर जवळ करतात. कापसाला मात्र तुरटीही धड धरता येत नाही आणि मंजिष्ठाही. हिरडा मध्यस्थ होतो: तो धाग्याला धरतो, तुरटी त्याला धरते, मंजिष्ठेचा लाल तुरटीला. कच्छचं अजरख असो की मछलीपट्टणमची कलमकारी, हिरड्यावाचून पान हलत नाही. कलमकारीवाले त्यात म्हशीचं दूधही घालतात, म्हणजे रंग फुटून पसरत नाही.

आधी कापडाची खळ पूर्ण काढायची. मग १ किलो कापडाला साधारण २०० ग्रॅम हिरड्याची पूड, बी काढून कुटलेली. पुडीच्या पाण्यात भिजलेलं कापड पिळायचं, पण धुवायचं नाही, तसंच उन्हात टाकायचं. ते फिकट पिवळं होतं. वाळताना उलटंपालटं करत राहायचं, नाहीतर एक बाजू गडद होते. आणि लोखंड आसपाससुद्धा नको. गंजक्या तारेवर वाळत घातलं, तर तारेची काळी रेघ जन्मभर जात नाही.

तीच रेघ मुद्दाम काढली की आमचा काळा. मोडके खिळे, गूळ आणि पाणी मडक्यात दोन-तीन आठवडे आंबवायचं. हे पाणी हिरडा प्यालेल्या कापडावर पडलं, की डोळ्यांदेखत काळं होतं. सगळ्या कामात हा क्षण मला सर्वांत आवडतो, आणि सर्वांत कमी भरवशाचा वाटतो. मायफळातलं टॅनिन आणि लोह यांची शाई युरोपात शतकानुशतकं वापरली गेली; तिनं कित्येक हस्तलिखितांचा कागद नेमका अक्षरांच्या जागी खाल्ला. कापडाचंही तेच. जुन्या छापील कापडात लाल शाबूत असतो, आणि काळ्या नक्षीच्या जागी सूत झडून गेलेलं.

पोटातही टॅनिन आणि लोह याच जोडीचा खेळ चालतो. जेवणावर लगेच चहा घेतला, तर चहातली टॅनिनसारखी द्रव्यं डाळी-भाजीतलं लोह अडकवून ठेवतात, ते अंगी लागत नाही. माझ्याकडच्या बायकांना मी लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ देत नाही. पटवायला फार बोलावं लागत नाही, काळ्याचं मडकं समोरच असतं.

काळ्यानं सूत झडतं, म्हणून अखंड काळ्या साडीचं काम मी घेत नाही. काठाला, बुट्टीच्या रेघेला काळा देते, तोही पातळ. तुमच्याकडे असं काळ्या नक्षीचं जुनं कापड असेल, तर घडी घालून ठेवू नका. स्वच्छ सुती कापडात गुंडाळी करून, कोरड्या जागी ठेवा.