मागचे ओझे, पुढची चाके

गेल्या पावसाळ्यात माझी मोटारसायकल दादांच्या मळ्यात बंद पडली. चिखलातून ढकलणे शक्य नव्हते. गावच्या वेल्डरकडून लोखंडी चौकट करून घेतली, ट्रॅक्टरला नांगर जोडतो त्या तीन पिनांवर चढवली आणि गाडी लांबीने बांधली.

ओढ्याच्या चढावर पुतण्याने क्लच झटक्यात सोडला. पुढची चाके वर उठली! स्टिअरिंग फिरवले तरी ट्रॅक्टर वळेना. त्याने चटकन क्लच दाबून लिफ्ट खाली सोडली, म्हणून निभावले. माझ्या तोंडचे पाणी पळाले.

रात्री हिशेब मांडला. गाडी 120 किलो, चौकट 60, एकूण 180. हे ओझे मागच्या आसाच्या दोन मीटर मागे. दोन आसांतील अंतरही सुमारे दोनच मीटर. म्हणजे सपाटीवरच पुढच्या चाकांवरचा 180 किलो भार कमी झाला. चढावर आणि झटक्याने आणखी कमी.

मग चौकट कापून 40 किलोची केली. गाडी आडवी, ट्रॅक्टरलगत बांधली. ओझे सव्वा मीटरवर आले आणि पुढचा भार शंभर किलोच घटला. शिवाय पुढे वजने लावली, गाडी चारही बाजूंनी पट्ट्यांनी आवळली. चौकटीवर माणूस मात्र कधीच बसवायचा नाही.

वहिनी एवढेच म्हणाल्या, "भावोजी, गावाला सांगता तो हिशेब घरी आधी करत जा."

तीस वर्षांच्या नोकरीत एवढा खरा सल्ला मला कुणी दिला नव्हता.